जुनेर

संस्कृत कवींच्या वसंताला मलयवायु लागतो, कोकिळेचें कूजन लागतें, आणि अशोकवृक्षाला पायानें ताडन करणारी एखादी सुंदरीही लागते. आमचा वसंत इतका खर्चिक नाहीं. फाल्गुन सरत आला, कीं एके दिवशीं सकाळीं गांवाहून आमच्या वडील भगिनीचा, म्हणजे आक्काचा, फोन येतो, आणि आमचें कुशल विचारण्यापूर्वींच ती विचारते, "जुनेर काढून ठेवलंस का?" हा प्रश्न कानीं पडला, कीं पिंपरीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर वसंत येऊन पोंचला असें आम्ही समजतों.

जुनेर हा शब्द शहरांतून हल्लीं फारसा ऐकूं येत नाहीं. नेसून आणि धुऊन मऊ पडलेलें, नेसावयास आतां उपयोगी नाहीं पण टाकवतही नाहीं, असें लुगडें म्हणजे जुनेर. तान्ह्या मुलाला गुंडाळावयास तेंच हवें, कारण नवें कापड त्याच्या अंगाला बोचतें. आणि गोधडीच्या पोटांत घालावयासही तेंच हवें, कारण नव्या कापडांतून सुई सुखासुखीं जात नाहीं. आक्काला हें जुनेर गोधड्यांसाठीं लागतें. गोधड्या शिवणें हा तिचा छंद आहे. छंदच म्हणावयाचा, कारण घरांत पांघरुणांची वाण नाहीं, आणि आजवर तिनें एकही गोधडी विकलेली नाहीं. गहूं-हरभरा घरांत आला, कांद्याची काढणी आटोपली, कीं मृगापर्यंतचे दिवस तिचे स्वतःचे असतात. आम्हां शहरवासीयांना ज्या उन्हाची भीति वाटते, त्याच उन्हाची ती वर्षभर वाट पाहते.

यंदाही पाडव्याच्या आदल्या दिवशीं दोन बोचकीं घेऊन आम्ही सहकुटुंब निघालों. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चाकण, आणि तेथून भामा नदीच्या कांठीं आमचें गांव. अंतर थोडें, परंतु लागणारा वेळ सर्वस्वीं मालमोटारींच्या मर्जीवर अवलंबून. मोटार जागच्या जागीं उभी राहिली, कीं आमच्यांतला प्राध्यापक जागा होतो. पिंपरी हें एके काळीं पवनेकांठचें साधें खेडें. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें येथें वसलीं. 1954 सालीं पेनिसिलिन तयार करण्यासाठीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ आलें आणि ज्वारीच्या जमिनींवर यंत्रें उभीं राहिलीं. 1970 सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, 1982 सालीं महानगरपालिका. मराठवाड्यांतून माणसें आलीं, खानदेशांतून आलीं, कोंकणांतून आलीं, पुढें उत्तरेंतून आलीं. प्रत्येक मुलखाचा एकेक तुकडा येऊन शेजारच्या तुकड्याला भिडला. "पिंपरी ही एक भली मोठी गोधडीच आहे," ही उपमा आम्हांस मोशीच्या जवळपास सुचली, आणि चाकण येईपर्यंत आम्ही तिच्यावर बेहद्द खूष होतों.

चाकण मागें पडलें आणि डोळ्यांवरची धूळ कोणीं पुसावी तसें झालें. पळसाचा भर ओसरला होता, परंतु बांधावरच्या कुसुंबाला अशी तांबडी पालवी फुटली होती, कीं लांबून ती फुलेंच वाटावीं. करंज नव्या पानांनीं लखलखत होते. टेकडीच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनीं भरून गेल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा उपटून पसरला होता, आणि त्याचा उग्र-गोड वास मोटारीच्या कांचा खालीं करावयास भाग पाडीत होता. कोठल्याशा वडावर तांबट पक्षी ठोके घालीत होता. दुपार मोजण्याचें काम जणूं त्याच्याकडे सोंपविलें होतें.

आक्काच्या ओसरीवर नवी गोधडी मांडलेली होतीच. मांडणी म्हणजे सर्वांत कठीण काम. खालीं अस्तर अंथरावयाचें, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, त्यावर जुनेराचे थर एकावर एक पसरावयाचे, आणि सुरकुती म्हणून राहूं द्यावयाची नाहीं. मग कच्चे टांके. आणि नंतर कडेनें आरंभ करून धांवदोऱ्याचे फेरे घालीत घालीत मध्यापर्यंत. शेजारणी चार बाजूंनीं बसतात. शेजारची एक पोर रोज सकाळीं शाळेला जातांना दहा-बारा सुयांत दोरे ओवून ठेवते. कारण एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असली तरी सुईचें नेढें आक्काला आतां दिसत नाहीं. टांका मात्र बोटांना दिसतो, असें ती म्हणते. तिच्या प्रत्येक गोधडीला इतिहास आहे. एक आमच्या मुलांच्या शाळेच्या गणवेषांची आहे. एक भाच्याच्या कारखान्यांतल्या निळ्या कपड्यांची आहे, आणि तिच्यावरचे तेलाचे डाग तिनें मुद्दाम वरच्या बाजूला ठेवले आहेत. एक शेजारच्या सासुरवाशिणीसाठीं तिच्या माहेरच्या चोळ्यांच्या तुकड्यांची केली होती. ती पांघरून ती पोर पहिल्या रात्रीं पोटभर रडली आणि मग पोटभर झोंपली म्हणे.

यंदाच्या बोचक्यांत मात्र एक वस्तु अशी होती, कीं ती बाहेर काढण्याचें आम्ही संध्याकाळपर्यंत लांबणीवर टाकलें.

आई जाऊन सात वर्षें झालीं. तिचें हिरवें, तांबड्या पदराचें इरकली लुगडें आमच्या कपाटांत होतें. आक्कानें तें तीन वेळां मागितलें, आणि तिन्ही वेळां आम्हीं नकार दिला. स्मृतिचिन्हांचें पावित्र्य, वारशाचें जतन, इत्यादि विषयांवर आम्हीं तिला फोनवर व्याख्यानें दिलीं. खरें कारण निराळें होतें. आईच्या शेवटच्या दुखण्यांत तिचें सर्व आक्कानें केलें. त्या महिन्यांत आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत होतों. जें करावयास हवें होतें तें आमच्या हातून झालें नाहीं, तेव्हां निदान लुगडें तरी आमच्याकडे असावें, अशी ही हांव होती. हें आम्हीं आजवर कोणापाशीं बोललों नव्हतों. वाचकांपाशीं बोलणें सोपें वाटतें.

या फाल्गुनांत आमच्या सौभाग्यवतींनीं कपाट आवरतांना तें लुगडें उलगडलें, आणि त्या कांहीं न बोलतां आमच्याकडे पाहूं लागल्या. कसर लागलेली नव्हती, ओल लागलेली नव्हती; परंतु प्रत्येक घडीवर कापड विरलें होतें. बोट लावलें तर बोट आरपार जात होतें. आई दर वर्षीं ट्रंकेंतलीं लुगडीं सावलींत वाऱ्यावर घाली आणि घडी बदलून ठेवी, हें आम्हीं लहानपणीं शेंकडों वेळां पाहिलें होतें. सात वर्षें आम्हीं त्या लुगड्याचें जतन केलें, म्हणजे त्याला हात लावला नाहीं, इतकेंच.

आक्कानें लुगडें कंदिलाशीं धरावें तसें दिव्यासमोर धरलें. आम्ही शब्दांची जुळवाजुळव करीत होतों. ती म्हणाली, "कांठ-पदर धड आहेत. विरलेलं आंत घालूं. दोन धड कापडांच्या मध्यें बसलं, कीं तेंही टिकतं." आणि तिनें लुगडें आमच्या हातीं दिलें. "फाड तूं."

"कात्री आण," आम्ही म्हणालों.

"कात्री वाकडी जाते. हातानं फाडलं म्हणजे सुतासुतानं सरळ फाटतं."

आम्हीं फाडलें. त्या आवाजाचें वर्णन करण्याची आमची इच्छा नाहीं. पहिला तुकडा निघाला तेव्हां हात कांपत होते. पांचवा निघाला तेव्हां कांपत नव्हते.

दुसऱ्या दिवशीं गुढी उभारून, कडुनिंबाचीं पानें चावून, आम्हीही गोधडीच्या एका बाजूला बसलों. आमचे टांके पाहून शेजारणी तोंडाला पदर लावूं लागल्या. आपली विद्वत्ता तरी दाखवावी म्हणून आम्हीं अमेरिकेंतली एक हकीकत सांगितली. तेथें अलाबामा राज्यांत, नदीच्या वळणावर, गीज बेंड नांवाची वस्ती आहे. गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांची ती वस्ती. तेथल्या मिसुरी पेटवे नांवाच्या बाईनें पति वारल्यानंतर, 1942 सालीं, त्याचे शेतांत वापरलेले कपडे फाडून त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि मायेनें अंगावर घेतां यावी, एवढाच हेतु. पुढें 2002 सालापासून त्या वस्तींतल्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत चित्रांप्रमाणें भिंतींवर लागल्या, आणि 2006 सालीं सरकारनें त्यांचीं टपाल-तिकिटें काढलीं.

आक्कानें सगळें लक्षपूर्वक ऐकलें. "पण भिंतीला लावायच्या आधीं ती पांघरली ना तिनं?"

"हो, पांघरली."

"मग झालं."

तेवढ्यानें धीर येऊन आम्हीं मोशीची उपमाही पुढें केली. पिंपरी म्हणजे गोधडी! आक्कानें सुई थांबविली नाहीं. "तुकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणून गोधडी होत नाहीं रे. शिवल्याशिवाय चिंध्या त्या चिंध्याच. तुमच्याकडे शिवतं कोण? तुझ्या समोरच्या दारांत कोण राहतं?"

समोरच्या दारांत तीन वर्षें एक कुटुंब राहत आहे. जिन्यांत भेट झाली कीं आम्ही परस्परांना पाहून हंसतों. त्यांचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें.

चैत्री पौर्णिमेला गांवची यात्रा. न्यायालयाच्या बंदीमुळें ओस पडलेला बैलगाड्यांचा घाट 2021 च्या डिसेंबरांत परवानगी मिळाल्यापासून पुन्हा गजबजूं लागला आहे. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतून रजा काढून आलेल्या पोरांनीं, लेकीबाळींनीं, पाहुण्यारावळ्यांनीं घर भरलें. रात्रीं अंगणांत अंथरुणें पडलीं. नवी गोधडीही त्या दिवशींच पुरी झाली होती. तांबड्या पदराचा चौकोन मधोमध, भोंवतीं हिरवे कांठ. ती आज आमच्या अंगावर पडणार अशी आमची खात्री होती. आक्कानें ती चौघडी करून भाचीच्या चार महिन्यांच्या मुलीखालीं घातली, म्हणजे आईच्या पणतीखालीं. पहाटे व्हावयाचें तेंच झालें. भाची ओशाळून उठली. आम्ही तर जवळजवळ ओरडलोंच. आक्का अंधारांत हंसत म्हणाली, "होऊं दे. आईच्या लुगड्यावर तूं काय कमी मुतलास?"

सकाळीं गोधडी कुंपणावर वाळत पडली होती. करंजाच्या पानांतून ऊन तिच्या तांबड्या चौकोनावर उतरत होतें. दुपारीं कोणीं न सांगतां आम्हीं उठून ती उलटी करून घातली.

निघतांना आक्कानें ती आमच्या बोचक्यांत घातली नाहीं, आणि आम्हींही मागितली नाहीं. तिनें कांद्याच्या दोन पिशव्या मात्र दिल्या. "एक तुझी. एक समोरच्यांची. नांव विचारून दे."

नांव आतां आम्हांस ठाऊक आहे. त्यांच्याकडेही जुनेर पुष्कळ सांठलें आहे, असें त्या गृहिणी म्हणाल्या.