एकच अल्बम, बॉस!

शुक्रवारी लॅपटॉप मिटला, कसाऱ्याची लोकल पकडली आणि इअरफोन कानात कोंबले. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट. नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही कॉलेज संपेपर्यंत ऐकलं नव्हतं. सत्तरच्या दशकातला चक्क आपल्या मुंबईचा रॉक बँड! कीथ कांगा, मधुकर धस वगैरे मंडळी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवायची. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट जिथे येऊन वाजवून गेले, तीच जागा. या पोरांचा अल्बम निघाला एकच, ‘ऑब्सेशन ७७’. बँड विरला आणि गाणीही विस्मरणात गेली. थेट २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाउ-अगेन लेबलनं ती पुन्हा बाजारात आणली. कुणीतरी रेकॉर्ड जपून ठेवली होती म्हणून, नाहीतर मी लोकलमध्ये काय ऐकणार होते?

हे जपून ठेवण्याचं प्रकरण मला जरा टोचतं. सांगते.

आमचाही बँड होता. मी गायचे. दादरला भाड्याच्या स्टुडिओत पाच गाणी रेकॉर्ड केली आणि शो दोन दिवसांवर असताना आमचा गिटारिस्ट बँकेची नोकरी आणि बँड दोन्ही सोडून मोखाड्याला आश्रमशाळेत शिकवायला गेला. मी त्याला जे मेसेज पाठवले ते इथे छापता येणार नाहीत. नंतर ड्रमरची हार्ड डिस्क उडाली. पाचही गाणी फक्त माझ्या मेलमध्ये उरली. गिटारिस्टनं ती दोनदा मागितली. दोन्ही वेळा मी ‘सापडत नाहीत’ म्हणून कळवलं.

चार वर्षांनी त्यानंच बोलावलं. कसाऱ्याहून जीपनं खोडाळा, पुढे मोखाडा. जीपमध्ये माणसं किती होती ते विचारू नका. त्याच्या खोलीत गिटार खुंटीला, शर्टाच्या शेजारी. दोन तारा गायब. रात्री नागलीची भाकरी खाऊन पाड्यावर गेलो. दुधीभोपळ्याचा तारपा फुंकत एक आजोबा मध्ये आणि त्यांच्याभोवती कमरेला हात घालून फिरणारी रांग. गाणारं कुणीच नाही. तारप्याचा सूर बदलला की अख्ख्या रांगेची पावलं बदलायची. माझ्यातली गायिका थोडी दुखावली, खरं सांगते!

“रेकॉर्ड करू?” मी फोन काढत विचारलं.

“कर की. पण इथे परत वाजतंच.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सकाळी त्यानं बाइकवरून जव्हारला सोडलं, स्टँडवर चहा पाजला, अल्बमचं नावही काढलं नाही. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी मेल उघडला आणि पाचही फाइल पाठवून दिल्या. खाली फक्त ‘सॉरी’. एसटी सुटेपर्यंत उत्तर नाही. मोखाड्यात रेंज नसेल, असं मी स्वतःला समजावलं.

ठाण्याला उतरताना मेसेज आला.

“तिसऱ्या गाण्यात तू बेसूर आहेस. तार कुठे मिळेल?”