बेताचा खड्डा

जमिनींत पुरलेल्या धनाच्या ज्या गोष्टी आम्हीं लहानपणीं ऐकल्या, त्यांत मोहरांचा हंडा असे, हंड्यावर वेटोळें घालून बसलेला नाग असे, धनाची जागा ओळखणारा पायाळू असे. परंतु तें धन वर कसें काढावें हें मात्र कोणी सांगत नसे. कुदळ मारावी, खणकन् आवाज यावा, आणि गोष्ट संपावी. खणण्याविषयींचें आमचें हें अज्ञान उतारवयापर्यंत टिकलें, आणि तें दूर होण्यास साता समुद्रांपलीकडे जावें लागलें.

इंग्लंडांतील सफोक परगण्यांत मुलीच्या घरीं आम्ही कांहीं महिने राहिलों होतों. शेजारच्या वृद्ध गृहस्थांस धातुशोधक यंत्र घेऊन रानोमाळ हिंडण्याचा नाद होता. एका सकाळीं ते आम्हांस, शेतमालकाची परवानगी घेऊन, एका कुरणांत घेऊन गेले. यंत्राचें तबक जमिनीलगत झुलवीत ते पुढें चालले, आणि फावडें खांद्यावर टाकून आम्ही मागें. यंत्र किणकिणलें. “खणूं का?” असें आम्हीं विचारलें, आणि उत्तर येण्यापूर्वींच आवाजाच्या नेमक्या जागीं फावडें रोवून त्यावर पाय दिला. पात्याखालीं कांहींतरी करकरलें.

वर आलें तें पहिल्या एलिझाबेथ राणीचें सहा पेन्सांचें पातळ चांदीचें नाणें होतें. ढालीच्या वर सन उमटविलेला होता: १५७, आणि चौथा आंकडा असावयाचा तेथें आमच्या फावड्याचा ताजा, चकचकीत घाव! चारशें वर्षांहून अधिक काळ मातीनें जपलेला आंकडा आम्हीं एका क्षणांत पुसून टाकला होता.

गृहस्थ रागावले नाहींत. पुढचा आवाज लागला तेव्हां ते गुडघ्यांवर बसले आणि खणणें म्हणजे काय तें त्यांनीं आम्हांस दाखविलें. प्रथम यंत्र आडवें व उभें असें दोन्ही दिशांनीं फिरवून, त्या रेघा जेथें छेदतात तो बिंदु त्यांनीं निश्चित केला. मग त्या बिंदूपासून वीतभर अंतर राखून, लांब व अरुंद पात्याच्या फावड्यानें तीन बाजूंनीं उभी चीर घेतली. चौथी बाजू मुळांसह तशीच ठेविली. त्यामुळें गवताचें तें ढेकूळ पेटीच्या झांकणासारखें उलटलें. निघालेली माती गवतावर न टाकतां अंथरलेल्या फडक्यावर काढली. येथवर आल्यावर फावडें बाजूस ठेवून त्यांनीं हातांत मावणारें एक टोकदार यंत्र खड्ड्याच्या भिंतींस, तळास आणि उलटलेल्या ढेकळास लावून पाहिलें. वस्तु कोठें आहे हें कळल्यावर उरलेलें काम लहानशा करणीनें व बोटांनीं झालें. आम्हांस आमच्याकडील खुरप्याची आठवण झाली. निंदणी करणारी बाई रोपाच्या मुळास धक्का न लावतां तण काढते, तीच ही कला.

निघाली ती एक पितळी गुंडी. तिच्यावरची माती त्यांनीं चोळली नाहीं. मातींतील वाळूचे कण बोटाखालीं कानशीसारखे चालतात. दुसरें कांहीं राहिलें नाहीं ना हें पाहण्यासाठीं त्यांनीं खड्डा पुन्हां तपासला, फडक्यावरची माती आंत लोटली, झांकण मिटलें आणि पायानें दाबलें. येथें कोणी खणलें होतें हें आम्हांसही ओळखतां येईना.

“परंतु खरें कसब थांबण्यांत आहे,” ते म्हणाले. नांगराचा फाळ जेथवर पोंचतो, तेथवरच्या थरांतील वस्तु जागेवरून आधींच हललेली असते. त्याखालीं जें असतें, तें ज्यानें ठेविलें त्याच्या हातचें तसेंच असतें. तेथें एकामागून एक वस्तु लागूं लागल्या, तर खणणें सोडून पुराणवस्तुवेत्त्यांस बोलवावें.

ह्या उपदेशाला आधार त्याच परगण्यांतला होता. १९९२ च्या नोव्हेंबरांत हॉक्सन ह्या खेड्यांत एरिक लॉज नांवाचे गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधीत असतां त्यांस रोमन नाणीं व चमचे लागले. कांहीं वस्तु काढल्यावर ते थांबले आणि त्यांनीं वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं तज्ज्ञांनीं उरलेला ठेवा शास्त्रशुद्ध रीतीनें उकरला. सुमारें १५,००० नाणीं व सोन्यारुप्याच्या दोनशें वस्तु निघाल्या. पण त्याहून मोलाचें असें कळलें कीं, हें सर्व एका लाकडी पेटींत, आंत लहान पेट्या करून, नीट रचून ठेविलें होतें. फावडें आणखी तासभर चाललें असतें, तर सोनें तेवढेंच मिळालें असतें, पेटी मात्र मिळाली नसती.

ह्याच्या उलट २०१५ सालीं लेमस्टर गांवाजवळ दोघांनीं एक ठेवा उपसला आणि लपवून विकावयास काढला. २०१९ मध्यें ते दोषी ठरले. सुमारें तीनशें नाण्यांपैकीं थोडींच हातीं आलीं आहेत. त्यांत वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा सिओलवुल्फ ह्या दोन राजांचीं, एकाच छापाचीं नाणीं आहेत. बखरकारांनीं ज्या सिओलवुल्फास मूर्ख ठरविलें, तो आल्फ्रेडचा सोबती होता, ह्याची ती साक्ष. उरलेले साक्षीदार कोठें गेले?

आमच्या प्रवरेकांठच्या दायमाबादेस १९७४ सालीं झाडोरा खणतांना एका शेतकऱ्यास ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सांपडला. तो कांहीं धन शोधावयास गेला नव्हता. त्यास दोष नाहीं. तरी त्या मूर्ति कोणत्या थरांत होत्या हें निश्चित न झाल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं पंडितांत वाद माजला. वस्तु मिळाली आणि तिचा पत्ता हरवला, असें हें झालें. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें निधान सांपडल्यास कलेक्टरास कळवावें, असें आमचा १८७८ चा कायदा सांगतो. पण कळविण्याच्या आधीं हात कसा आवरावा, हें कायद्यास शिकवितां येत नाहीं.

आमचें नाणें शेजाऱ्यांनीं तेथील नोंदणी अधिकाऱ्याकडे नेलें. इंग्लंडांत १९९७ पासून अशा किरकोळ वस्तूंचीही नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. नोंदींत नाण्याचें वजन, व्यास आणि सांपडल्याची जागा आली. सनापुढें लिहिलें होतें: शेवटचा आंकडा वाचतां येत नाहीं, इजा अलीकडची. इजा करणाराचें नांव लिहिण्याची तेथें चाल नाहीं. म्हणून तें आम्ही येथें लिहीत आहों.