कातारी व्हायचं वय

'कातीव' हा शब्द आपण मराठी माणसं फार सढळ हातानं वापरतो. कातीव चेहरा, कातीव शिल्प, कातीव शब्दकळा... शाळेत असताना मुलांच्या निबंधांत मी तो शेकडो वेळा वाचला असेल आणि समासात लाल शाईनं 'छान' असंही लिहिलं असेल. पण ज्याच्या हातून हा शब्द आला, तो कातारी कुठे गेला?

कातारी म्हणजे लाकूड फिरतं ठेवून हत्यारानं त्याला गोल, गोंडस आकार देणारा कारागीर. त्याचं काम ते कातणं. सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं! मला ह्याची गंमत वाटली म्हणून जरा मुळाशी गेलो. संस्कृतच्या धातुपाठात 'कृत्' हा धातू दोन अर्थांनी येतो, एकदा कापणे आणि एकदा वेढणे, गुंडाळणे. मराठीत येता येता दोघांचंही 'कातणे' होऊन बसलं. चरख्यावर चाती फिरते, कातकामात लाकूड फिरतं. आज दहावीच्या मुलाला कातारी म्हणजे काय विचारलं तर 'कात्री चालवणारा' असं उत्तर येईल. विशेषण राहिलं आणि माणूस गेला, असं भाषेत पुष्कळदा होतं.

घरात नजर फिरवा म्हणजे ह्या कातारी मंडळींची हजेरी दिसेल. लाटणं, रवी, भोवरा, चौरंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, बुद्धिबळाची प्यादी, तान्ह्या बाळाचा खुळखुळा. आणि पाळणा.

तर मंडळी, आता मुद्द्यावर येतो. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी घरात लाकडाचं लेथ मशीन आणलं आहे! आमच्या हिनं आधी कपाळाला हात लावला, मग 'निदान भाजी आणायला तरी जात जा' एवढीच अट घातली. कारण म्हणजे पाळणा. आईचं माहेर सावंतवाडीकडचं, तिथून आलेला लाखेच्या रंगाचा पाळणा आमच्याकडे आहे. त्याचे पाच दांडे गेले आहेत, दोन वाळवीनं आणि तीन बिऱ्हाडं बदलताना. बडोद्याची नात दिवाळीच्या सुमारास बाळंत होईल. 'आजोबा, पाळणा तोच हवा' असं तिनं फोनवर सांगितलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दोन दिवस फिरलो. तिथे सगळं मिळतं, पण काम प्लायवूडचं. एक वयस्कर सिंधी दुकानदार दांडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या लहानपणी घरी असाच कातीव पायांचा, लाखेच्या पट्ट्यांचा हिंडोळा होता म्हणाले, सिंधमधल्या हाला गावचा. 'अब कौन बनाता है, मास्टरजी!' तिथेच ठरवलं, आपणच करायचं.

खरं म्हणजे अंबरनाथात राहून लेथसाठी लांब जायची गरज नाही. आमचं गाव लोकांना माहीत आहे ते शिवमंदिरामुळे, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखामुळे. पण माझ्या पिढीचं अंबरनाथ हे भोंग्यांचं आणि लेथचं. पश्चिमेला विमको नाका आहे, त्याच्या नावात १९२३ साली स्थापन झालेली स्वीडिश मालकांची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी आहे. आगपेटीतली काडी कशी होते ठाऊक आहे? सावरीसारख्या मऊ लाकडाचा ओंडका लेथवर गरगर फिरवतात आणि त्याला लांबलचक पातं लावतात. सफरचंदाची साल निघावी तसा काडीच्या जाडीचा लाकडाचा पापुद्रा सलग निघतो आणि मग त्याच्या काड्या कापतात. म्हणजे देवापुढच्या निरांजनापासून बिडीपर्यंत सगळ्याला विस्तव पुरवणारी ती काडी लेथवर जन्माला यायची. शिवाय १९५३ सालापासूनचा सरकारी मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना, म्हणजे यंत्रं घडवणारी यंत्रं बनवणारा. (ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हाही त्यांतल्या एका कंपनीकडे गेला.) माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील टर्नर नाहीतर फिटर असायचे. पालकसभेला येताना हात घासून घासून धुतलेले, तरी नखांच्या कडांत तेल राहिलेलं.

अशातलेच एक टर्नर आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. चौतीस वर्षं लोखंडाच्या लेथवर उभे राहिलेले. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला सर म्हणतात, कारण त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. काचबिंदूनं दादांची दृष्टी बरीच गेली आहे. समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखतात. मशीन आल्याचं कळलं तेव्हा काठी टेकत स्वतःच आले आणि म्हणाले, 'सर, खोकं उघडलंत ते ठीक, पण बटण दाबू नका. आधी बसवू या.'

ह्या 'बसवण्याला' आम्हाला नऊ दिवस लागले. मशीन छोटंच, चाळीसेक किलोचं. दहा इंच व्यासाचं लाकूड फिरेल आणि दोन टोकांमध्ये अठरा इंच लांबीचं मावेल एवढं. पाळण्याचा दांडा चौदा इंचांचा, म्हणजे पुरे. मला वाटलं होतं, टेबलावर ठेवलं की झालं. दादांनी टेबल हातानं हलवून बघितलं आणि नापास केलं. 'लेथ हलकं असलं तरी चालतं सर, बैठक जड पाहिजे. लाकूड वाकडंतिकडं असतं, फिरायला लागलं की धक्के देतं. ते धक्के जमिनीत गेले पाहिजेत, तुमच्या हातात नाही.' मग जुन्या घराच्या तुळयांतून निघालेल्या लाकडाचं टेबल सुताराकडून करून घेतलं आणि खालच्या फळीवर वाळूच्या चार गोण्या रचल्या. उंची कशी ठरवायची? हात कोपरात दुमडून सरळ उभं राहायचं, कोपराच्या उंचीला लेथचं टोक आलं पाहिजे. म्हणजे वाकावं लागत नाही आणि खांदेही चढत नाहीत. हे माप ज्याचं त्याचं वेगळं.

मग पाणसळ. टेबल आडवं-उभं दोन्हीकडून तपासलं. चार बोल्ट आवळताना एका पायाखाली फट राहिली होती. ती मला दिसली नाही, दादांना बोटाला लागली. तशीच आवळली असती तर मशीनचा ओतीव पाट पीळ खाल्ला असता आणि दोन्ही टोकांची ओळ बिघडली असती. कागदाएवढ्या पातळ पत्र्याचा तुकडा सरकवला, मग आवळलं.

आता टोकांची परीक्षा. लेथला दोन टोकदार आस असतात, एक फिरणाऱ्या डोक्यात आणि दुसरा समोरच्या शेपटीत, त्यांच्यामध्ये लाकूड धरायचं. ती दोन टोकं अगदी समोरासमोर हवीत. दादांनी माझ्याकडून दाढीचं ब्लेड मागून घेतलं. दोन्ही टोकं जवळ आणून त्यांच्यामध्ये ते ब्लेड हलकेच धरलं आणि सोडलं. ब्लेड सरळ उभं राहिलं तर ओळ बरोबर. टोकं वरखाली असली की ब्लेड कलतं, डावीउजवी असली की वळतं. आमचं किंचित वळलं. दादांनी डोळे मिटून ब्लेडच्या कडेवरून बोट फिरवलं (मी तर श्वास धरून बसलो होतो!) आणि सांगितलं, 'शेपूट तुमच्याकडे केसभर ओढा.' चौथ्या वेळी ब्लेड जसंच्या तसं राहिलं. चष्मा लावूनही मला जो फरक दिसत नव्हता, तो त्या माणसानं बोटाच्या कातडीनं वाचला.

इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं आणि मगच वीज जोडली. पट्टा सर्वांत कमी वेगाच्या कप्पीवर ठेवला, मिनिटाला साडेसातशे फेऱ्या. लाकडाशिवाय रिकामं मशीन चालू केलं. दादांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावली, डॉक्टर लावतात तशी, आणि बराच वेळ ऐकलं. 'चांगलं आहे. खरखर नाही. हा आवाज लक्षात ठेवा सर. उद्या बिघडलं तर आधी कानाला कळेल.'

एक गोष्ट मात्र दादांनाही नवी होती. लोखंडाच्या लेथवर हत्यार मशीनच्याच शिकंज्यात घट्ट धरलेलं असतं. इथे ते आपल्या हातात, खाली टेकायला फक्त एक आडवी पट्टी. दादा हसून म्हणाले, 'म्हणजे इथे टूलपोस्ट तुम्हीच की!' मग दोघांनी मिळून शिकलो. टेकण पट्टी लाकडाच्या शक्य तितकी जवळ. बटण दाबण्याआधी लाकूड एकदा हातानं पूर्ण फिरवून बघायचं, कुठे अडत नाही ना. हत्यार आधी पट्टीवर टेकवायचं आणि मग लाकडाला लावायचं, उलट केलं तर लाकूड ते हातातून हिसकावतं. धारेची मागची उतरती बाजू आधी लाकडावर घासू द्यायची, मग मूठ हळूहळू उचलायची. एका क्षणी घासणं संपतं आणि कापणं सुरू होतं. लांब बाही, उपरणं, मनगटातला गंडा, काही म्हणजे काही नको. तोंडावर पारदर्शक ढाल आणि नाकाला मास्क.

आमचे पूर्वज हे सगळं जमिनीवर बसून करत. लाकडाला दोरीचा वेढा, एक जण दोरी मागेपुढे ओढणार, दुसरा हत्यार धरणार. नाहीतर एकट्यानं एका हातानं धनुष्य चालवायचं आणि दुसऱ्या हाताला पायाच्या बोटांचा आधार द्यायचा. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आपण कौतुकानं आणतो. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिथल्या लाखकामाला आणि गंजिफांना राजवाड्यात आसरा दिला, म्हणून ती कला टिकली. लाखेचा रंगसुद्धा लेथवरच चढतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि लाकडावर बसते. कुंचला नाही की वाळायची वाट बघणं नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला मग त्यावर केवड्याच्या जातीचं पान घासून चकाकी आणतात.

दादांना एकदा विचारलं, मुलाला हे काम का नाही शिकवलं? ते म्हणाले, 'सर, त्याच्या हाताला तेल लागू नये म्हणून तर तुमच्या शाळेत घातला.' त्यात त्यांना खेद नव्हता, मलाही नाही. बापानं उभं राहून पोराला खुर्ची मिळवून दिली, ह्यात वाईट काय? मुलगा आज पुण्याला चांगल्या हुद्द्यावर आहे. पण पुस्तकातलं ज्ञान मागे ठेवायला आमच्याकडे फळा होता, वह्या होत्या, परीक्षा होत्या. दादांच्या बोटांत आणि कानांत जे आहे त्याला असं काहीच नव्हतं. ते शिकवायचं तर शेजारी माणूस उभा हवा आणि मध्ये मशीन हवं. निवृत्तीनंतर सोळा वर्षं ह्यातलं काहीच त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांची इमारत आता पुनर्विकासाला जाते आहे, दिवाळीनंतर ते मुलाकडे कायमचे जातील. म्हणून मी घाई करतो आहे.

आता मी वही घातली आहे. दादा बोलतात, मी लिहून घेतो. पत्र्याचं पॅकिंग, ब्लेडची परीक्षा, स्क्रूड्रायव्हरनं ऐकणं, हत्याराला धार लावताना ठिणग्या धारेवरून वर यायला लागल्या की थांबायचं, असं बरंच काही. साठ पानं झाली. संध्याकाळी ती त्यांना वाचून दाखवतो आणि ते दुरुस्त्या सांगतात. एवढी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही तपासली जाते आहे!

पॅकिंगच्या पाइनवर सराव करून मग सागवानाला हात घातला. पाचांपैकी दोन दांडे झाले आहेत. पहिला दांडा दादांनी बोटं फिरवून तपासला आणि मधल्या गाठीपाशी थांबले, 'इथे हात घाबरला.' दुसऱ्याला काही बोलले नाहीत, नुसता परत दिला. तीन दांडे आणि लाखेचं काम बाकी आहे. जुन्या दांड्यांचा तांबडा रंग नेमका कसा जुळवायचा ते अजून जमलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, नात्यागोत्यात लाखकाम केलेलं माणूस असेल तर जरूर कळवा. दिवाळीच्या आत कळवलंत तर दादांनाही ऐकवता येईल.