सोनं संपलं, गाव उठलं

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमेरिकेत धाकट्या वन्संकडे, लास वेगासला गेलो होतो. तिथला झगमगाट पाहून दोन दिवसांतच डोळे दिपले. मग वन्संच म्हणाल्या, "वहिनी, आता तुम्हाला असं गाव दाखवते, की जिथे एकही दिवा लागत नाही." दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी घेऊन आम्ही सकाळीच निघालो.

दोन तास नुसतं वाळवंट! पण सिनेमात दिसतात तशा वाळूच्या टेकड्या नव्हेत हं. करडी जमीन, उघडेबोडके डोंगर आणि खुरटी झुडपं. वाटेत बीटी नावाचं छोटंसं गाव लागलं. तिथे रस्त्यावर गाढवं खुशाल हिंडत होती. पूर्वी खाणवाल्यांनी ओझी वाहायला आणलेल्या गाढवांची ही पिलावळ. माणसं गेली, गाढवं राहिली! तिथून सहा-सात किलोमीटरवर आमचं ओसाड गाव, रायोलाइट.

१९०४ साली हॅरिस आणि क्रॉस या दोघांना इथल्या डोंगरात सोनं सापडलं. पुढच्याच वर्षी तंबू पडले आणि बघता बघता हजारोंची वस्ती झाली. वीज, नळ, टेलिफोन, दवाखाना, आगगाडी, नाटकगृह, इतकंच काय, शेअर बाजारसुद्धा! कुक बँकेची इमारत तर तीन मजली, आत इटलीचा संगमरवर. आज तिच्या पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, आणि खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं.

मला गंमत वाटली ती बाटल्यांच्या घराची. वाळवंटात लाकूड मिळेना, पण दारूचे गुत्ते मात्र गल्लोगल्ली. तेव्हा टॉम केली नावाच्या गृहस्थाने १९०६ मध्ये सुमारे ५०,००० रिकाम्या बाटल्या मातीत रचून घर बांधलं. ते अजून उभं आहे. आमचे हे लगेच म्हणाले, "बघ, तुझ्या माळ्यावरच्या बरण्यांचं काय करता येईल ते!"

१९०७ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, पैसा आटला. खाणीतलं सोनंही कमी होत गेलं. १९१० च्या जनगणनेत जेमतेम ६७५ माणसं उरली. १९११ ला मुख्य खाण बंद पडली आणि १९१६ ला वीजही तोडली.

हे सगळं ऐकत मी शाळेच्या पडक्या इमारतीसमोर आले आणि पाय थबकले. ही दुमजली पक्की शाळा बांधून झाली १९०९ साली, म्हणजे लोक गाव सोडायला लागले होते तेव्हा. नवी शाळा तयार, आणि बसायला मुलं कुठे?

मैत्रिणींनो, मी गावातल्या मराठी शाळेत अर्धवेळ शिकवते. यंदा माझ्या पहिलीच्या वर्गात नऊ मुलं आहेत. पुढच्या वर्षी वर्ग राहील की नाही, याची कुजबुज रोज कानावर येते. त्या भिंतींपुढे मला माझाच वर्ग दिसला. डोळ्यांत पाणी आलं.

वन्संनी हळूच विचारलं, "काय झालं वहिनी?" मी सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण इथे तर माणसंच निघून गेली होती. तुमच्या गावातली मुलं कुठे गेलीत?"

खरंच की! आमचं गाव काही उठलेलं नाही. सकाळी मुलांनी भरलेल्या गाड्या आमच्या फाटकावरूनच इंग्रजी शाळेकडे जातात. इथली खाण आटली नाही. आम्हीच खणायचं सोडलंय. शाळेत बसून पालकांची वाट पाहत राहिलो, एकदाही कुणाच्या दारी गेलो नाही.

परत आल्यावर मी एक वही केली आहे. रोज संध्याकाळी कुकर लावायच्या आधी एका घरी जाऊन येते. आजवर अकरा घरं झाली. चौघींनी "बघू" म्हटलंय, एकीने नाव दिलंय.

तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर सकाळच्या वेळी जा आणि पाणी बरोबर न्या. तिथे दुकान नाही. झुडपांत साप असतात, पाय जपून टाका. आणि शाळेसमोर थोडं थांबा.