घोंघावणारें चाक

मोटारीचीं कांहीं दुखणीं डोळ्यांना दिसतच नाहींत, कानांनाच काय तीं समजतात. चाकाच्या तुंब्यांतील बेअरिंग झिजणें हें त्यांपैकीं एक होय. गाडीनें थोडा वेग घेतला म्हणजे मागच्या अंगानें एक बारीक घोंघावणें ऐकूं येतें. वेगाबरोबर तें वाढतें, आणि गिअर सोडवून गाडी नुसती घरंगळूं दिली तरी थांबत नाहीं. यावरून इंजिन निर्दोष आहे इतकें ठरतें. मालवणहून चौके गांवावरून कुडाळकडे जातांना वळणांना तोटा नाहीं. उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर येतो. आवाज तेव्हांच चढला तर दुखणें डावीकडचें, असें बहुधा समजावें. आमच्या शेजारच्या वृद्ध मिस्त्रींना मात्र एवढ्याही खटाटोपाची गरज भासली नाहीं. गाडी त्यांच्या दारावरून गेली, तेवढ्यावरून ते म्हणाले, "भाऊनू, तुमचा मागचा डावा चाक रडता हा."

तें रडतें कशानें? बैलगाडीचा तुंबा आंसावर घासत फिरे, आणि त्यावर उपाय एकच, वंगण. घासण्याच्या जागीं घरंगळणें आणावें ही कल्पना जुनी. पण गाडीच्या आंसाभोंवतीं छर्रे बसविण्याचें पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन ह्या लोखंडाच्या कारखानदारानें १७९४ सालीं मिळविलें. दोन कडीं, त्यांच्यामध्यें छर्रे, आणि छर्रे व कडीं यांच्यामध्यें ग्रीसचा केंसाहूनही बारीक पापुद्रा, एवढीच ही रचना. गाडीचा आणि आंतल्या माणसांचा सारा भार त्या पापुद्र्यावर असतो. तो जेथें फाटतो तेथें पोलाद पोलादाला लागतें, बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यांवरून जातांना आवाज करतो. असे हजारों आवाज मिळून तें घोंघावणें होतें.

आमच्या किनाऱ्यावर ह्या पापुद्र्याचा वैरी म्हणजे खारें पाणी. दूर चालून आलेल्या गाडीचें बेअरिंग तापलेलें असतें. तशीच ती देवबागेकडे भरतीच्या पाण्यांत किंवा पावसाळी ओहोळांत घातली, तर तुंबा एकाएकीं निवतो, आंतली हवा आकसते आणि रबरी झांकणाच्या कडेनें बाहेरचें पाणी आंत ओढून घेते. पाण्याबरोबर मीठ जातें. शिरोड्याच्या मिठागरांत १९३० सालीं ज्या मिठासाठीं लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच मिठाचा हा दुसरा गुण. तो कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. पाहुणे मंडळींना पुळणीवर गाडी फिरविण्याची मोठी हौस. त्या हौसेचें बिल सहा महिन्यांनीं मुंबईला जाऊन पोंचतें, आणि तें कोठून आलें हें बिचाऱ्यांना उमगतही नाहीं!

आम्हांस ही हौस नाहीं. पण गाडीवांचून चालण्यासारखेंही नाहीं. घरांतील काकींना दर पंधरवड्यास ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत न्यावें लागतें, आणि तीस-पस्तीस किलोमीटरची ती वाट त्यांना एस. टी.नें झेपत नाहीं. घोंघावणाऱ्या बेअरिंगवर कित्येकजण महिनेच्या महिने गाडी हांकतात. पण पुढें चाक डुगडुगूं लागतें, आणि अखेर बेअरिंग जाम होतें किंवा चाकच निखळतें. काकींना मागें बसवून हा प्रयोग करण्याची आमची तयारी नव्हती.

आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाचीं दोन्ही बेअरिंगें ब्रेकच्या ड्रममध्येंच ठोकून बसविलेलीं असतात, म्हणून हें काम अंगणांत होऊं शकतें. मधला मोठा नट चाक जमिनीवर असतांनाच सैल करावा. ड्रम निघण्यासाठीं हँडब्रेक सोडावा लागतो. तेव्हां पुढच्या चाकांना दोहों बाजूंनीं जांभ्याचे चिरे लावणें आलेंच. जॅकखालीं जाड फळी हवी, आणि गाडी उचलल्यावर तिला लाकडी ओंडक्यांचा आधार हवा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर हात आंत घालणें हें धाडस नव्हे, अविचार होय. ड्रम ओढून काढला आणि जुनीं बेअरिंगें आंतून आळीपाळीनें चहूं बाजूंनीं ठोकून काढलीं. बोटानें फिरवून पाहतां त्यांतलें एक वाळू भरल्यासारखें करकरलें, आणि त्याच्या ग्रीसला तांबूस रंग चढला होता.

नवीं बेअरिंगें आम्हीं आदल्या रात्रींच शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवलीं होतीं. चाळीस मिलिमीटरचें पोलादी कडें पन्नास अंशांनीं थंड केलें तर सुमारें दोन शतांश मिलिमीटर आकसतें. आंकडा क्षुल्लक दिसतो, परंतु तेवढ्यानें हातोड्याचें निम्में काम वांचतें. तो कप्पा बांगड्यांचा असल्यामुळें घरांतून ह्या शास्त्राविषयीं जे उद्गार निघाले ते येथें देत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत थंड पोलादावर तत्काळ दंव जमतें, तें मात्र पुसून घेतलें पाहिजे. नाहीं तर पाणी बाहेर ठेवण्याचा सारा खटाटोप पाण्यानेंच सुरू व्हावयाचा.

ह्या कामांतील खरी मेख ठोकण्यांत आहे. ड्रममध्यें बेअरिंग बसवितांना घाव बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आंतल्या कड्यावर मारलें तर तो आघात छर्ऱ्यांतून जातो, कड्यांना खळगे पडतात, आणि नवें बेअरिंग थोड्याच दिवसांत जुन्यासारखें रडूं लागतें. बाहेरच्या कड्याच्या मापाचें साधन घरांतच असतें: काढलेल्या बेअरिंगचें कडें. तेंच नव्यावर ठेवून मिस्त्रींनीं हलक्या हातानें चार-सहा ठोके दिले. शेवटचा ठोका भरीव वाजला आणि ते थांबले. मधली नळी, ग्रीस, दुसरें बेअरिंग, पुस्तकांत दिलेल्या जोरानें आंवळलेला नट आणि नवी खीळ, हें सारें मग तासाभरांत उरकलें.

घरच्या कामाची तरफदारी आम्ही सरसकट करणार नाहीं. पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या चाकांचीं बेअरिंगें दाबयंत्रावांचून बसत नाहींत. तेथें हातोडा चालविणें म्हणजे पैसे खर्चून नवें दुखणें विकत घेणें. आणि बाजारांत नामांकित कंपन्यांच्या वेष्टनांत नकली मालही येतो. म्हणून दुकान ओळखीचें पाहावें आणि पावती मागावी. पावतीचें नांव काढतांच दुकानदाराच्या तोंडावर जें उमटतें तें वेष्टनावरील अक्षरांहून अधिक विश्वसनीय असतें.

ओरोसची फेरी झाली. परत आल्यावर दोन्ही मागच्या तुंब्यांना हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट होते. घोंघावणें गेलें. मात्र तें गेल्यामुळें उजव्या चाकाची एक बारीक कुरकुर, जी आजवर त्याखालीं बुडून जात असे, स्पष्ट ऐकूं येऊं लागली आहे. मृगापूर्वीं तेंही काम करावयाचें मिस्त्रींशीं ठरलें आहे. बेअरिंगें आणून ठेवलीं आहेत. बर्फाच्या कप्प्याविषयींचीं बोलणीं तेवढीं अद्याप चालूं आहेत.