दार कोठे आहे? : विज्ञानकथेतील वास्तू आणि एका विधानाची दुरुस्ती

संशोधनपर नियतकालिकात स्वतःविषयी लिहिताना संकोच वाटतो. अभ्यासकाने ‘प्रस्तुत लेखिका’ या दोन शब्दांच्या आड राहावे असा आपल्याकडे संकेत आहे, आणि तो बहुतेक वेळा योग्यही आहे. तथापि हे टिपण एका चुकीसंबंधी आहे. ती चूक माझी आहे, ती बांधीव स्वरूपात ग्रंथालयाच्या कपाटात आहे आणि विद्यार्थी तिचा आधार घेऊ लागले आहेत. तेव्हा येथे प्रथमपुरुषी एकवचनाचा आश्रय घेणे मला भाग आहे.

मराठी विज्ञानकथेवरील माझा प्रबंध २००९ साली मान्य झाला. त्यातील एका प्रकरणाच्या समारोपात पुढील विधान आहे : ‘नारळीकरांच्या कथांतील प्रयोगशाळा व वेधशाळा वाचकाच्या डोळ्यांसमोर मूर्तिमंत उभ्या राहतात, त्यांच्या विज्ञानकथेचे यश या वातावरणनिर्मितीत आहे.’ परीक्षकांनी या वाक्यावर आक्षेप घेतला नाही. मौखिक परीक्षेतही त्याविषयी कोणी विचारले नाही. असे वाक्य कोणत्याही लेखकाविषयी लिहिता येते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नव्हते.

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविणारा हा शास्त्रज्ञ. स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून त्यांनी ते नाव तयार केले होते. पुढील अर्धशतकात मराठी विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर धुळ्यातील आमच्या विभागाने त्यांच्या कथांविषयी एक कार्यक्रम करण्याचे ठरविले. भाषणे, कथावाचन, ग्रंथप्रदर्शन असा नेहमीचा आराखडा होता. तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘मॅडम, कथेतली प्रयोगशाळा बांधून दाखवू या का? संगणकातल्या जगात. माणसांना तिच्यात फिरता येईल.’’ हा मुलगा पारोळ्याकडच्या एका खेड्यातला, धाब्याच्या घरात वाढलेला. त्याचे काका गवंडीकाम करतात. मला कल्पना आवडली. कथेतील वास्तू ‘मूर्तिमंत उभ्या राहतात’ असे मीच लिहिले होते. आता त्या उभ्या करायच्या होत्या, इतकेच.

अशा आभासी जगांपैकी ‘सेकंड लाइफ’ हे २००३ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याच धर्तीवरची, परंतु विनामूल्य आणि आपल्याच संगणकावर चालविता येणारी ‘ओपनसिम्युलेटर’ ही प्रणाली २००७ पासून विकसित होत गेली. आम्ही तिची निवड केली. प्रारंभी पाण्याने वेढलेले एक लहानसे बेट मिळते. त्या प्रदेशाची लांबी २५६ मीटर आणि रुंदीही तेवढीच. बांधकामाचे साहित्य म्हणजे घन, गोल, दंडगोल असे मूळ आकार. ते ताणावेत, पोकळ करावेत, कापावेत, एकमेकांना जोडावेत. आपण स्वतः त्या जगात एका बाहुल्याच्या रूपाने वावरतो.

माझे घर जळगावला, नोकरी धुळ्याला. एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी.ने जाणे-येणे होते. जग चालविणारा जुना संगणक जळगावच्या घरी ठेवला आणि विद्यार्थी धुळ्यातील आपल्या खोलीवरून त्यात येऊ लागला. जळगावात वीज गेली की धुळ्यातला मुलगा त्या जगातून बाहेर फेकला जाई. पहिली मोठी अडचण मात्र निराळीच होती. तो नव्वद किलोमीटरवरून विनासायास आत येई. ज्या घरात ते जग चालत होते, त्याच घरातून मला आत जाता येईना. त्या जगाला बाहेरच्यांसाठी एक पत्ता दिलेला होता आणि माझा संगणकही तोच पत्ता विचारीत होता. घरातून निघून बाहेरच्या पत्त्यावर जाणारी आणि पुन्हा घरातच वळणारी ही विचारणा आमच्या राऊटरला परतविता येत नव्हती. माझ्या संगणकातील नावपत्त्यांच्या यादीत त्या नावापुढे घरातला पत्ता लिहिल्यावर चौथ्या दिवशी मी माझ्याच घरातील बेटावर पाऊल ठेवले.

बांधकामासाठी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घेतली. तिचा आधार मोबियस पट्टी हा आहे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली आणि त्या पृष्ठावरून उजव्या हाताच्या सपाट आकृतीला एक फेरी मारून आणले, तर ती डाव्या हाताची होऊन परत येते. हीच किमया घन वस्तूच्या बाबतीत घडली तर काय होईल, या प्रश्नातून कथा उभी राहते. विद्यार्थ्याने कथेची छायाप्रत घेतली, वहीत रकाने आखले आणि मला प्रश्न विचारण्यास आरंभ केला. खोली किती खणांची? छत केवढे उंच? खिडक्या कोणत्या दिशेला? आणि मग, प्रमाण भाषा विसरून, ‘‘मॅडम, दार कोठे शे?’’

मी संहिता पुन्हा वाचली. नंतर प्रबंधासाठी अभ्यासलेल्या इतर कथाही काढल्या. दोन रात्री आम्ही रकाने भरीत होतो. सिद्धान्त, उपकरणाचे तत्त्व, कार्य आणि कारण यांची साखळी यांविषयीचे रकाने भरले. भिंत, दार, छत, उजेड यांचे बव्हंशी रिकामे राहिले. सोळा वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांसमोर जी प्रयोगशाळा मूर्तिमंत उभी राहिली होती, ती बहुधा माझ्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असावी. तिच्या विटा कथेतून आल्या नव्हत्या. मीच त्या नकळत पुरविल्या होत्या आणि श्रेय लेखकाच्या वर्णनशैलीला देऊन टाकले होते.

मग आम्ही आमच्या मनाने बांधू लागलो, आणि दोषांची मालिका सुरू झाली. पहिले दार उघडताना ते मध्यावर फिरले. अर्धे आत, अर्धे बाहेर. त्या जगात प्रत्येक वस्तू स्वतःच्या मध्यबिंदूभोवती फिरते, बिजागरी ही वस्तूच तेथे नाही. त्यावरचा उपाय असा की दार दुप्पट रुंद करावे आणि त्याचा अर्धा भाग कापून टाकावा. कापलेला भाग दिसत नाही, पण मध्यबिंदू ठरविताना तो हिशेबात राहतो. त्यामुळे उरलेल्या दाराची कड फिरण्याचा आस होते. दुसरा दोष घुमटाचा. तो बाहेरून डौलदार दिसे, कमान उघडी दिसे. आत जाऊ लागले की बाहुला हवेत आपटे. वस्तूच्या दृश्य आकाराखेरीज तिला एक स्पर्शाचा आकार असतो. आमच्या घुमटाचा स्पर्शाकार सभोवती कापड ताणून बांधावे तसा होता आणि त्यात कमानीची पोकळीही बुजून गेली होती. तो पर्याय बदलल्यावर वाट मोकळी झाली. तिसरा दोष : जमिनीची फरशी आणि तिच्यावरचा चौथरा एकाच पातळीत आल्याने दोन्ही पृष्ठभाग लुकलुकू लागले. कोणता वर दाखवावा हे यंत्राला ठरविता येईना. एक सेंटीमीटरने चौथरा उचलला आणि लुकलुक थांबली.

चौथ्या दोषाने मला सर्वांत अधिक शिकविले. आम्ही खोली खऱ्या मापाने बांधली होती : तीन मीटर उंच, दार दोन मीटरांचे. आत गेल्यावर काहीच धड दिसेना. भिंत डोळ्यांवर येई, छत आडवे येई. कारण त्या जगात आपण बाहुल्याच्या डोळ्यांनी पाहत नाही. पाहणारा डोळा त्याच्या मागे आणि थोडा वर असतो, आणि खोलीत त्यालाही जागा लागते. म्हणून तेथील जाणकार छते पाच-सहा मीटर उंच ठेवतात आणि खोल्या खऱ्याहून मोठ्या बांधतात. निवेदकाचे स्थान, दृष्टिबिंदू या संज्ञा मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. निवेदक पात्राच्या मागे उभा राहिला तर त्याच्यासाठी कथेला जागा वाढवावी लागते, हे मला जळगावच्या त्या खोलीत छत चढविताना प्रथमच प्रत्यक्ष कळले.

अखेरीस गणपतीची मूर्ती उलटविण्याची वेळ आली आणि येथे आम्ही पूर्णपणे अडलो. त्या प्रणालीत आकाराची लांबी, रुंदी, उंची धन संख्येतच द्यावी लागते. ऋण संख्या ती स्वीकारीत नाही. मूर्ती हव्या त्या दिशेने फिरवा, डावी सोंड उजवी होत नाही. भिंतीवर लावलेले चित्र उलटविता येते, घन वस्तू नाही. दुसऱ्या प्रणालीत उजव्या सोंडेची वेगळी मूर्ती घडवून ती आत आणता येत होती, आणि विद्यार्थ्याने तेच केले : दोन मूर्ती, मध्ये पडदा, पडदा सरकताच अदलाबदल. कार्यक्रमात प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. आम्हा दोघांना मात्र ठाऊक होते की तेथे काहीही उलटले नव्हते. नारळीकरांच्या कथेतील जगात तसे घडते, कारण त्या जगाला तसा नियम दिलेला आहे. आमच्या बेटाला तो नियम नव्हता.

या ठिकाणी माझ्या प्रबंधातील विधानाचा फोलपणा स्पष्ट होतो. मी ज्याला वातावरणनिर्मिती म्हटले, ती त्या कथांत नव्हे, माझ्या स्मरणात होती. लेखकाने खरोखर काटेकोरपणे बांधले होते ते नियम : काय शक्य, काय अशक्य, आणि एक अशक्य गोष्ट शक्य मानली तर पुढे काय अटळ ठरते. भिंत न सांगितल्याने कथेचे काही बिघडत नाही. नियम सांगण्यात कसूर झाली असती तर कथा कोसळली असती.

मराठी गद्याला भिंती सांगता येत नाहीत, असेही नव्हे. महानुभावांच्या चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त देवळाचे दार कोणत्या दिशेला, चौक कोठे, स्वामींचे आसन कोणत्या बाजूस, हे बारकाईने नोंदलेले आहे. तिच्या आधारे माझ्या विद्यार्थ्याने एखादी पटिशाळा सहज बांधली असती. तेथे भाविकाला त्या जागी जाऊन नमस्कार करावयाचा होता; दार चुकून चालणार नव्हते. विज्ञानकथेच्या वाचकाला कोठेही चालत जावयाचे नसते. गद्य कशाचा तपशील देते हे त्या गद्याच्या प्रयोजनावरून ठरते, ही साधी गोष्ट मी प्रबंधात विचारात घेतली नव्हती.

यावर कोणी पुण्याच्या ‘आयुका’कडे बोट दाखवील. १९८८ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे नारळीकर संस्थापक-संचालक होते आणि चार्ल्स कोरिया यांनी आखलेली तिची वास्तू विश्वरचनेच्या कल्पना दगडात मांडते. मध्यवर्ती कुंडाच्या चार कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन आहेत; आवारात फुको लंबक आहे. म्हणजे वास्तूविषयी हा लेखक उदासीन नव्हता. तथापि त्या लंबकापाशी उभे राहिले असता आपण पाहतो ते पृथ्वीचे फिरणे. घडविलेली वस्तू तेथे नियम दाखविण्यापुरती आहे. त्यांच्या कथांतील उपकरणांचेही काम तेवढेच असते.

कार्यक्रमानंतर विद्यार्थ्याने पुढचा प्रस्ताव मांडला : बेटावर पाटणचा मठ बांधावा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, असे शके ११२८ चा शिलालेख सांगतो. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो लेख अभ्यासकांसमोर आणला. त्याचा मोठा भाग संस्कृतात आहे, शेवटचा आपल्या जुन्या मराठीत. आम्ही पुन्हा रकाने आखले. मराठी ओळींत आढळले ते असे : पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचे उत्पन्न मठाला दिले, तेलाच्या घाण्यामागे ठरावीक तेल द्यावे. मठाचे दार कोणीकडे होते, हे लेख सांगत नाही. खानदेशातील ही ज्योतिषाची पाठशाळा ज्या नियमावर उभी होती तो नियम दगडावर राहिला. भिंतींचा पत्ता नाही.

विद्यार्थी बराच वेळ वहीकडे पाहत होता. मग त्याने बेटावर मोकळ्या जमिनीत फक्त एक शिळा उभी केली. मठ बांधला नाही. मीही आग्रह धरला नाही.

एक कबुली अद्याप राहिली आहे. या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या स्वाध्यायात माझे ते विधान जसेच्या तसे उतरविले होते आणि मी त्याला त्याबद्दल चांगले गुण दिले होते. गुण आता बदलता येणार नाहीत. विधान मात्र असे वाचावे : ‘नारळीकरांच्या कथांत प्रयोगशाळा व वेधशाळा यांचे दृश्यरूप क्वचितच तपशिलाने येते, त्यांच्या विज्ञानकथेचे यश एका नियमाची सुसंगत उभारणी करण्यात आहे, आणि वास्तू पुरविण्याचे काम ती वाचकावर सोपविते.’ ग्रंथालयातील प्रबंधाच्या प्रतीत त्या जागी पेन्सिलीने फुली केली असून समासात या टिपणाचा निर्देश केला आहे.