देवडीला अर्धा कागद

पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्याची मोजणी चालली होती. टेपने मोजली तर देवडी जेमतेम आठ फूट भरली. पण त्याच घरात वाढलेल्या आजींना दारापासून चौकापर्यंतचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी अर्धा कागद देवडीलाच दिला आणि पेन्सिलने ती काळीभोर भरून टाकली. लहानपणी दिवेलागणीनंतर तिथून पळतच आत यावं लागे, म्हणाल्या.

मोजणी करणाऱ्या तरुण वास्तुरचनाकाराने ते चित्र चुकीचं म्हणून बाजूला सारलं नाही, हे फार बरं झालं.

अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी अशाच 'चुका' जिवापाड जपल्या. १९६० साली आलेल्या 'द इमेज ऑफ द सिटी'साठी त्यांनी बॉस्टनमध्ये ३० आणि जर्सी सिटी, लॉस एंजेलिसमध्ये १५-१५ जणांना बोलतं केलं, आपापल्या शहराचे नकाशे काढायला लावले. बॉस्टन कॉमन हे मैदान पाच बाजूंचं. लोक मनात ते चौकोनी धरतात आणि भोवतालच्या रस्त्यांची दिशा चुकतात. अशा चित्रांतून लिंचना वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा हे पाच घटक सापडले. (नाका म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावावं लागत नाही.)

त्याच्या कितीतरी आधी, १७४८ मध्ये, नकाशाकार जांबात्तिस्ता नोल्ली यांनी रोमच्या नकाशात घरं गडद केली, पण चर्चचा आतला भाग रस्त्यासारखा पांढरा सोडला. त्यामुळे पँथिऑनची फरशी समोरच्या चौकाला जाऊन मिळते. पाऊल जिथे बेधडक पडतं, ते सगळं एकच.

आजकाल वास्तुरचनेच्या सादरीकरणांत माणसांची ये-जा दाखवणाऱ्या बाणांची गर्दी असते, पण त्या बाणांवरून कुणी चाललेलं नसतं. वाड्यातल्या त्या तरुणाने मात्र चालून पाहिलं आणि मग ट्रेसिंग पेपरवर एक आडवी पट्टी आखली. वरच्या रेषेत छताची उंची, खाली उजेड. दिंडी दरवाजातून आत येताना मान वाकते तिथे रेघ खाली दबली. देवडीत पेन्सिल जोर देऊन फिरली. चौकात कागद कोराच राहिला आणि ओसरीवर पुन्हा हलकी सावली आली.

मग घरातल्या थोरल्या सूनबाईंनी चित्र काढलं. त्यात देवडी नव्हतीच. त्यांचा वाडा मागच्या दारापासून, परसातल्या आडापासून सुरू होत होता.

त्याने नवा कागद घेतला आणि दुसरी पट्टी आडापासून आखायला सुरुवात केली.